समितीला माणसं गोळा करणारी

वहिनीचा हात कनवटीकडे गेला आणि त्या जवानाने बंदूक खांद्याला लावली.

"हाथ ऊपर! हाथ ऊपर कर!" तो ओरडत होता. आवाज फाटला होता त्याचा. आजूबाजूची माणसं सामान टाकून भिंतीकडे पळाली. एक बाई पोराला पोटाखाली घेऊन जमिनीवर आडवी झाली. आणि आमची वहिनी मिलच्या दाराशी उभी राहावी तशी उभी.

"ओरडतोस कशाला? हात लावायचा नाही. मी दाखवते," ती म्हणाली आणि तिने बोटं कनवटीत घातली.

कनवटीत काय होतं ते मला माहीत होतं. साबणाच्या वडीएवढा लाकडी ठोकळा, त्याला तारा गुंडाळलेल्या आणि वरून काळी चिकटपट्टी. बॉम्ब नव्हता. पण बॉम्बसारखा दिसावा म्हणूनच केलेला होता, आणि तो सरकारच्याच माणसाने तिला दिला होता. विमानतळावरची तपासणी कशी चालते ते बघायचं होतं. जवानाला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. ज्याला सांगितलं होतं तो माणूस जागेवर नव्हता.

ठोकळा बाहेर आला की जवान गोळी घालणार, हे मला दिसत होतं. वहिनीला दिसत नव्हतं. मी दोरीच्या अलीकडे उभी होते.

आता आधीचं सांगते. मी चौथी शिकलेली बाई आहे. कोणत्या खात्याची समिती होती आणि साहेबाचं नाव काय, हे मी लिहिणार नाही. वहिनीचंही नाव लिहीत नाही. लालबागच्या आमच्या चाळीत लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणत. कोणाची वहिनी, हे कोणी विचारलं नाही.

आम्ही दोघी एकाच मिलमध्ये, वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत कांड्यांवर गुंडाळायच्या खात्यात. सुटीच्या वेळी दाराशी झडती व्हायची. कोणी सुताची कांडी लुगड्यात खोचून नेते का ते बघायला एक झडतीवाली ठेवलेली. ती सगळ्यांची कंबर चाचपायची. आम्ही मान खाली घालून चाचपून घ्यायचो. वहिनी घ्यायची नाही. झडतीवालीचा हात पुढे येण्याआधी ती स्वतःच कनवटीतून मशेरीची डबी काढायची, रुमाल काढायची, पदर झटकून दाखवायची. "हात लावायचा नाही. मी दाखवते." रोज. पाऊस असो, ताप असो, मागे रांग खोळंबलेली असो.

"गो, मेल्या रांगेचा तरी विचार कर," मागच्या बायका ओरडायच्या.

"तुम्हाला चाचपून घ्यायची हौस असेल तर तुम्ही पुढे जा," ती म्हणायची.

पुढे पुढे झडतीवाली तिच्यासमोर हात मागे बांधूनच उभी राहायला लागली. वहिनीला त्याचा केवढा अभिमान! मला ते तेव्हा खुळेपणाचं वाटायचं. कमरेला कोणाचा हात लागला म्हणून काय झिजतं? पण ती तशी होती. तुमच्या आळीतही अशी एखादी बाई असेल. तिच्या एका हट्टापायी सगळे वैतागतात आणि ती नसली की तोच हट्ट आठवतो.

मग संप झाला. त्याचं मी काही सांगत नाही, ज्यांनी भोगला त्यांना ठाऊक आहे. एवढंच सांगते, की संपात धान्य वाटायला चाळीचाळीतून समित्या केल्या होत्या. माझ्या नवऱ्याने नाव दिलं. एका संध्याकाळी चार माणसं आली आणि त्याचं नाव घेऊन विचारायला लागली, कुठे आहे म्हणून. मी दारात परात आडवी धरून उभी राहिले. परातीने काय होणार होतं? ती माणसं हसून निघून गेली. त्यानंतर नवरा गावी गेला तो कित्येक महिने तिकडेच राहिला. मिल पुन्हा सुरू झाली तेव्हा त्याला आत घेतलं नाही. नाव दिलं होतं ना. तेव्हापासून आमच्याकडे समिती हा शब्द कोणी काढत नसे.

मिल गेली. मी घरी पोळीभाजीचे डबे करायला लागले. वहिनी एका ठेकेदाराकडून विमानतळावर झाडू मारायला जायला लागली. तिचा मुलगा फिटर होता, तो आखातात गेला. सुटीला यायचा, परत जायचा. तो जायचा त्या दिवशी वहिनी झाडू हातात घेऊन काचेपलीकडून विमानाकडे बघत राहायची. त्या काळात विमान पळवल्याच्या, विमानात स्फोट झाल्याच्या बातम्या रेडिओवर यायच्या. बातमी चाळीत पसरली की वहिनी माझ्या दारात हजर.

"आपलं विमान नाही ना गो?"

"तुझं कधीपासून झालं विमान?"

"माझा पोर बसतो त्यात. माझंच."

एकदा ती आली ती वेगळ्याच तोऱ्यात. पायरीवर बसली आणि म्हणाली, "सरकारची समिती आहे. विमानतळाच्या सुरक्षेची. सल्ला द्यायचा. त्यांना साध्या घरातल्या बाया हव्यात. साहेबांनी मला सांगितलंय, तुमच्या भागातून माणसं आणा."

माझ्या घरचे, म्हणजे नवरा, जेवत होते. समिती हा शब्द कानावर पडला तसे ते ताटावरून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. वहिनीने ते पाहिलं. तिला कळलं. तरी ती पुढे बोलत राहिली.

"पगार नाही. बसचं भाडं देतात. चहा देतात. बिस्किटं बशीत ठेवतात, पण आपण हात घातल्याशिवाय कोणी घ्या म्हणत नाही, तेवढं लक्षात ठेवायचं."

"मला नको," मी म्हटलं. "मला भीती वाटते."

"मग तूच पाहिजेस. न भिणारी माणसं तिकडे पुष्कळ आहेत. कप्तान आहेत, डॉक्टर आहेत. घाबरलेलं माणूस एक नाही."

मी नाहीच म्हटलं. ती गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. मग रोजच यायला लागली. मी पोळ्या लाटत असले की समोर बसायची आणि एकही शब्द न बोलता पोळ्या भाजून द्यायची. नाव दे असं पुन्हा म्हणाली नाही. असा छळ मी आयुष्यात सोसलेला नाही.

माझ्याखेरीज ती आणखी कुठे कुठे फिरली. परळला, भायखळ्याला, ओळखीपाळखीच्या घरी. फणसवाडीत एक निवृत्त हेडक्लार्क राहायचे, त्यांच्याकडे ती मलाच बरोबर घेऊन गेली. सोबतीला ये, तू काही बोलू नको, म्हणाली. गृहस्थांनी आम्हाला खुर्चीत बसवलं, कोकम सरबत दिलं.

"नियुक्तिपत्र मिळेल का?"

"बघते विचारून."

"ओळखपत्र फोटोसकट असेल ना? आणि बैठकीत आसनव्यवस्था कशी असते?"

"लांब टेबल आहे. जागा सापडेल तिथे बसायचं."

"हं. आणि काम काय?"

"कुठे काय चुकतं ते बघायचं आणि तोंडावर सांगायचं. कोणी रागावलं तरी सांगायचं."

हेडक्लार्कांची कंबर दुखायला लागली ती तेव्हापासून. निरोप द्यायला उठलेसुद्धा नाहीत. जिन्यातून उतरताना वहिनी म्हणाली, "सरबत बरं होतं," आणि पुढच्या घराकडे वळली. तिला कोणाचा राग यायचा नाही. नकार दिला की ती जीभ टाळूला लावून टक् असा आवाज करायची आणि पुढे चालायची.

लालबागच्या बाजारात एक कोळीण बसायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. अंगाने दणकट, आवाज असा की बोलली तर रस्त्यापलीकडचा पानवाला वळून बघायचा. वहिनी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि समितीचं सांगितलं.

"मना नाय कळत तुमची समिती-बिमिती," मावशी म्हणाली. "इमानात म्हावरा चढतो काय? मग माजा काय काम?"

"गर्दीत कोणाचा हात कुठे जातो ते तुला बसल्या जागी दिसतं. तेवढंच काम."

"इमान जवळून दिसंल?"

"काचेतून. पण जवळून."

"मंग लिव नाव. बोंबील घेतेस का नुसती बोलतेस?"

वहिनीने बोंबील घेतले. आणि मावशी तयार झाली हे ऐकल्यावर मी पण हो म्हटलं. का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. घरच्यांना मी सांगितलं, की वहिनीबरोबर देवळात जाते. त्यांना खरं कळलं असणार. मी निघाले की ते गॅलरीत येऊन उभे राहायचे आणि मी वळेपर्यंत बघत राहायचे.

बैठकीला आम्ही तिघी एका बाजूला बसायचो. समोर एक निवृत्त कप्तान, एक डॉक्टर, एक कापडाचे व्यापारी. साहेब मधे. बरा माणूस होता, घाई नसलेला. मावशीने पहिल्याच दिवशी बिस्किटांची बशी स्वतःपुढे ओढली आणि सगळ्यांना वाटली. कप्तानांनी दोन घेतली. त्यानंतर बोलणं सोपं झालं.

वहिनी बैठकीत डोळे बारीक करून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची. साहेबांना वाटायचं, केवढं लक्ष आहे. लक्ष होतंच, पण खरं कारण दुसरं. वाइंडिंग खात्यातल्या धडधडाटाने तिचे दोन्ही कान गेले होते. तोंड दिसलं तर तिला कळायचं, नाही तर नाही. हे तिने तिकडे सांगितलं नव्हतं. झाडूचं काम जाईल म्हणून.

बायकांच्या तपासणीला पडदा लावलेला असायचा. पडद्यामागे पोलीस बाई असली तर तपासायची. नसली तर पुरुष शिपाई बाईमाणसाला हात कसा लावणार? "जाव माई, जाव," म्हणून सोडून द्यायचे. वहिनीने हे सांगितलं. साहेबांना ते माहीत होतं, पण वर कळवायला पुरावा हवा होता. म्हणून ठरलं, की समितीतल्याच एका बाईने तो तारांचा ठोकळा अंगावर घेऊन आत जायचं. सोडतात की धरतात ते बघायचं. पहाऱ्यावरच्यांना सांगायचं नाही, नाही तर बघण्यात अर्थ काय. साहेब स्वतः सहीशिक्क्याचा कागद घेऊन पलीकडे उभे राहणार आणि धरलं तर लगेच पुढे होणार.

साहेबांनी टेबलाभोवती नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. "या बाई चालतील. साध्या दिसतात."

मी काही बोलायच्या आत वहिनी उठली.

"ती नको. मी जाते."

"पण तुम्ही तिथेच काम करता, ओळखतील."

"झाडूवालीचं तोंड कोण बघतो? शिवाय माणसं मी आणलीत. पुढे मीच जाणार."

तिने असं म्हटलं म्हणून मी या बाजूला राहिले. नाही तर मी त्या बाजूला असते.

त्या दिवशी सकाळी आम्ही तिघी गेलो. वहिनीने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, नाकात नथ. मुलाला सोडायला जाताना नेसायची ते. कोणी ओळखू नये म्हणून, म्हणाली. मला वाटतं, तिला नटायचंही होतं. हातात एक रिकामी पेटी. ठोकळा तिने साहेबांच्या खोलीत कनवटीला खोचला आणि वर पदर घेतला.

"दिसतंय का गो?"

"नाही."

"मग झालं."

ती रांगेत लागली. मी आणि मावशी दोरीच्या अलीकडे, पोचवायला आलेल्या माणसांत. मी पलीकडे साहेबांना शोधलं. साहेब नव्हते. ठरलेल्या खांबापाशी कोणीच नव्हतं. नंतर कळलं, कोणी मोठा माणूस अचानक आला होता आणि साहेबांना जिन्यातच अडवून ठेवलं होतं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की खांब आहे आणि माणूस नाही.

"वहिनी!" मी हाक मारली. "वहिनी, थांब!"

तिची पाठ माझ्याकडे होती. तिला कुठून ऐकू येणार?

"वहिनी गो!" मी पुन्हा ओरडले. रांगेतली चार माणसं वळली, ती वळली नाही. पुढे सरकली. पडद्यापाशी पोलीस बाई नव्हती, तसा शिपाई हाताने जा जा करत होता. पण त्याआधी एक लोखंडी चौकट होती. नवीन बसवली होती, आमच्या बैठकीत त्याचं कोणी बोललं नव्हतं. वहिनी तिच्यातून गेली आणि चौकट किंचाळली.

बाजूला उभा असलेला जवान पुढे आला. कोवळा पोरगा, मिशीसुद्धा धड आली नव्हती. त्याने पदराखालचा उंचवटा बघितला असणार. तो काही तरी विचारत होता, वहिनी त्याच्याकडे वळली आणि तिने नुसता खाकी कपडा आणि पुढे आलेला हात बघितला. मग तिने तेच केलं जे ती इतकी वर्षं करत आली होती.

इथून मी सुरुवात केली होती.

तिची बोटं कनवटीत गेली होती पण ठोकळा लुगड्याच्या निऱ्यांत अडकला होता. ती तो ओढत होती. जवान दोन पावलं मागे सरकला. त्याचं बोट मला दिसत होतं. ते चापावर होतं. मी ओरडले, मावशी ओरडली, जवान ओरडत होता, आणि या सगळ्या ओरडण्यात जिला ऐकू जायला हवं तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ती जवानाच्या हाताकडे बघून, जरा त्रासून म्हणत होती, "दम धर रे, दाखवते म्हटलं ना."

मिलमध्ये खात्यात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू जात नसे. आम्ही हातांनी बोलायचो. पाणी हवं, कांड्या संपल्या, नाईकीण, म्हणजे आमची मुकादमीण, आली, सगळं हातांनी. त्यातली एक खूण अशी होती, की ती दिसली तर कोणीही असो, आहे तिथे थिजायचं. कोणाचा हात किंवा पदर यंत्रात अडकला की बाई घाबरून ओढते, आणि ओढलं की बोटं जातात. अशा वेळी समोरच्या बाईने दोन्ही हात डोक्यावर नेऊन स्वतःचंच मनगट घट्ट पकडायचं. म्हणजे, हात आहे तिथे ठेव, ओढू नको, यंत्र बंद होईपर्यंत हलू नको. नवीन आलेल्या मुलीला कामाआधी ही खूण शिकवायचे.

मी दोरीखालून पुढे गेले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन माझं मनगट पकडलं.

मी धाडस केलं असं कोणी म्हणू नये. विचार केला असता तर मी हलले नसते. हात आपोआप गेले. आणि गेले त्याच क्षणी जवानाने बंदूक माझ्याकडे फिरवली. नळीचं तोंड मी बघितलं. एवढंसं असतं ते. माझं लुगडं ओलं झालं, मला पायावरून ऊन ओघळ जाताना कळत होता, आणि मी मनगट सोडलं नाही.

बंदूक फिरली म्हणून वहिनीने तिकडे बघितलं. मी दिसले. माझे हात दिसले.

तिचा चेहरा उतरला. मिलमध्ये ती खूण दिसली की असाच चेहरा व्हायचा. तिचा हात कनवटीत होता तिथेच थांबला. ओढणं थांबलं. श्वाससुद्धा थांबला असेल.

जवान एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. बंदूक इकडून तिकडे. त्याच्या गालावरून घाम का पाणी वाहत होतं. किती वेळ आम्ही तशा उभ्या होतो मला सांगता येणार नाही. माझ्या खांद्यांत गोळे आले होते. मला एवढंच वाटत होतं, की माझे हात खाली आले तर ती पुन्हा ओढेल.

मग मावशीने भर बाजारात मारावी तशी हाक मारली. "ओ सायेब! ओ समितीचे सायेब! बाय मरते हितं!" ती थांबेचना. काचा हलल्या असतील. जवानाला बंदूक आता तिसरीकडे फिरवता येईना. आणि त्या हाकेने जिन्यातून साहेब धावत आले, कागद डोक्यावर धरून, एका पायात बूट नाही.

बंदूक खाली झाली. साहेबांनी स्वतः वहिनीच्या कनवटीला हात न लावता तिला काही तरी म्हटलं. तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मान हलवली आणि ठोकळा हळूच काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. जवान जमिनीवर बसला आणि ओकला.

"त्याला आधी पाणी द्या," वहिनी म्हणाली. "पोरगा आहे."

कोणी हललं नाही तेव्हा तिने स्वतःच पेला आणला. ती त्याच्यासमोर बसली, आणि तो पाणी पीत असताना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो हुंदके देत होता. मी लांब भिंतीला टेकून बसले होते. मला उठवत नव्हतं आणि कोणी जवळ येऊ नये असंही वाटत होतं. मावशीने आपला पदर सोडून माझ्या कमरेभोवती गुंडाळला आणि त्याबद्दल पुढे कधी एक शब्द बोलली नाही.

परतताना साहेबांनी गाडी दिली. दादर आलं. मग वहिनी माझ्याकडे वळली.

"तो हिंदीत काय म्हणत होता गो?"

"हात वर कर म्हणत होता."

"असं होय," ती म्हणाली. आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

त्यानंतर मी समितीला गेले नाही. वहिनी बोलवायला आली होती. मी नाही म्हटलं तर तिने या वेळी पोळ्या भाजायला बसकण मारली नाही. "बरं," म्हणाली आणि गेली. ती मात्र जात राहिली, मावशी पण. पडद्यामागे पोलीस बाई कायमची बसली. वहिनीने भायखळ्याच्या भाजी बाजारातून आणखी दोन बायका आणल्या. पण आता ती नाव घेण्याआधी सांगायची, "यात जिवाला भीती आहे. मी बघितलीय. घरच्यांना विचारून या." साहेबांनी तिला हे सांगू नका म्हटलं, माणसं येणार नाहीत. ती म्हणाली, "मग नको येऊ देत." साहेबांची बदली झाली तेव्हा समितीही हळूहळू विरली.

वहिनी त्या दिवसानंतर बदलली, ते फक्त मला कळलं. कनवटीला ती काही ठेवेनाशी झाली. मशेरीची डबी हातात धरून हिंडायची. खाकी कपड्यातला कोणीही समोर आला, पोस्टमन असो की गॅसवाला, तिचे दोन्ही हात पुढे यायचे, पंजे उघडे. नंतर तिच्या ते लक्षात यायचं आणि ती हात पदराला पुसल्यासारखं करायची. एकदा गणपतीच्या गर्दीत एका हवालदाराने सगळ्यांना मागे सारताना तिच्या कमरेला हात लावला. मी वाट बघितली. ती काही बोलली नाही. पंजे उघडे धरून मागे सरकली. मला तिचा तेव्हा इतका राग आला, की मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. राग तिचा नव्हता हे मला आता कळतं, पण तेव्हा मी बोलले नाही हेही खरं आहे.

मला अजून स्वप्नात खांब दिसतो. माणूस नसलेला खांब. बाकी काही दिसत नाही.

चाळ पाडली तेव्हा आम्ही सगळे पांगलो. वहिनीचा मुलगा आखातातून परत आला. त्याच्या एकाही विमानाला कधी काही झालं नाही. तो तिला डोंबिवलीला घेऊन गेला. मिलच्या कापसाने तिची छाती भरलेली होती, ते दुखणं पुढे बळावलं आणि त्यातच ती गेली. मला कळलं तेव्हा दिवसकार्यसुद्धा झालं होतं. मुलाने फोन केला, म्हणाला, काकू, कळवायचं राहून गेलं. मी म्हटलं, राहू दे. फोन ठेवला आणि पोळ्यांचं पीठ भिजवायला घेतलं, कारण ती वेळ पिठाची होती. माझ्या घरचे तेव्हा होते. ते गॅलरीतून आत आले, काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते जेवले नाहीत. मी जेवले.

कोळीण मावशी तिच्याआधीच गेली होती. माझ्या घरचे नंतर गेले. जवानाचं नाव मला कधी कळलं नाही. आता त्याचे केस पिकले असतील.

त्या सकाळी गोळी सुटली नाही. वहिनी, मावशी, मी आणि तो पोरगा, चौघंही संध्याकाळी घरी जेवलो.